नको म्हणायची रीत

शिवकन्याला चहा पाजणं हे एक कामच होतं. क्लासच्या बाकीच्या मुली खालच्या कल्याणप्पांच्या हॉटेलातून चहा वर आला की सरळ कप उचलायच्या. ही नाही. पहिल्यांदा विचारलं की, "नको मॅडम, आत्ताच झाला." दुसऱ्यांदा विचारलं की, "नको हो, खरंच नको." तिसऱ्यांदा जरा दरडावून विचारलं की मग, "बरं, अर्धाच द्या." आणि तो अर्धा कप ती अशी प्यायची की सकाळपासून हिच्या पोटात काही गेलेलं नाही हे आंधळ्यालाही कळावं. मला या प्रकाराची मनस्वी चीड यायची. हवाय ना, मग घे की बाई. पण चिडून काय उपयोग, हे काही तिच्या एकटीचं खूळ नव्हतं. आमच्या भागात पहिल्या हाकेला ताटावर बसणारा हावरा ठरतो, आणि हाताला धरून बसवावा लागतो तो खानदानी.

मी उमरग्यात जर्मन शिकवते. हे सांगितलं की लोक हसतात. पहिली काही वर्षं मीसुद्धा हसत होते. मी मूळची लातूरची, पुण्यात जर्मन शिकले, तिथंच एका कंपनीत कागदपत्रांची भाषांतरं करायचे, मग लग्न होऊन इथं आले. हैदराबाद हायवेवरचं गाव. ट्रक, दवाखाने, खताची दुकानं, बाजारात निम्मं कानडी. इथं जर्मन कुणाला हवी होती? पण तिकडं म्हातारी माणसं वाढली आणि त्यांना उठवायला-बसवायला हात कमी पडायला लागले, तशा आमच्याकडच्या नर्सा जर्मनची चौकशी करायला लागल्या. कल्याणप्पांनी हॉटेलावरची खोली दिली. खाली भज्यांचा घाणा, बाहेर ट्रकचे हॉर्न, आणि वर आम्ही "कसे आहात आपण" घोकत बसलेल्या.

शिवकन्या जळकोटची लेक आणि लोहाऱ्याजवळच्या एका खेड्याची सून. उमरग्याच्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होती. पस्तिशीची असेल, पण उन्हातून आली की पन्नाशीची दिसायची. सकाळची पाळी संपवून क्लासला यायची, क्लास संपला की जीपमध्ये दाटीवाटीनं बसून लोहाऱ्याला, तिथून पुढं नवरा रणधीर मोटारसायकलवर न्यायला यायचा. घरी गेल्यावर दुसरी पाळी सुरू. सासू कमलबाईंचे गुडघे गेलेले, म्हशी दोन, आणि तिसरीतली आरोही. क्लासला आल्या आल्या ती चपला काढून थंड फरशीवर तळपाय टेकवायची आणि थोडा वेळ डोळे मिटून बसायची. मी फळ्याकडं वळले की कधी कधी तिची मान कलायची. मी बघून न बघितल्यासारखं करायचे. एवढा शिणलेला जीव व्याकरणाला उठवावा असं मलाही वाटायचं नाही.

एकदा मी विचारलं होतं, एवढं थकून हे कशाला मागं लावून घेतलंय? तिकडं जाऊनही म्हातारीच माणसं उचलायची आहेत. ती म्हणाली, "उचलायचं काय न्हाय मॅडम. पर तिथं दुसरी सिस्टर आली न्हाय म्हणून आपल्याला डबल पाळी करावी लागत न्हाय म्हणं. आन् आरोही माज्यासंगं ऱ्हाईल. एकटीनंच जायचं असतं, तर म्या हे याड डोस्क्यात घेतलंच नसतं." आधी आई आणि लेक, पुढं मागं रणधीर, असं घरात ठरलं होतं. तिच्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ तेवढाच होता. लेक हाताला धरून न्यायची.

अभ्यासात ती हुशार नव्हती, चिकट होती. शब्द पाठ व्हायचे ते सलाईन लावता लावता. पण सभ्य बोलण्याचा धडा आला आणि ही बाई जागी झाली. जर्मनमध्ये परक्या माणसाला झी म्हणतात, म्हणजे आपलं तुम्ही, आणि घरच्याला डू, म्हणजे तू. एवढं सांगितल्यावर बाकीच्यांनी लिहून घेतलं आणि गप्प बसल्या. हिनं उलटतपासणी सुरू केली. आईला काय म्हणतात? डू. ते बरोबर, आपणही आईला तूच म्हणतो. देवाला? डू. तेही बरोबर. सासूला? म्हटलं, बहुतेक घरांत डूच. इथं ती जरा थांबली. मग पदराआडून विचारावं तसं हळूच विचारलं, नवऱ्याला? डू म्हटल्यावर तिला जे हसू आलं ते आवरेना. दुसऱ्या दिवशी सांगत होती, घरी रणधीरला सांगितलं तर तो म्हणाला, म्हण की मग, ऐकू तरी. हिनं चुलीकडं तोंड करून जर्मनमध्ये म्हणून दाखवलं. ते जमलं. मराठीत म्हण म्हटला, तिथं मात्र जीभ टाळ्याला चिकटली. ओसरीवरून कमलबाई विचारायला लागल्या, काय चाललंय गं खिदळायचं. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी मोठ्यानं हसलं होतं, असं ती म्हणाली.

दुसरा घोळ म्हातारीचा. सरावासाठी मी पेशंट व्हायचे, आडनाव श्मिट, वय ऐंशी. नर्सनं येऊन नमस्कार करायचा आणि उठून बसता का असं अदबीनं विचारायचं. शिवकन्या आली ती सरळ "ओमा" म्हणत. ओमा म्हणजे आजी. मी सांगितलं, तिकडं परक्या बाईला आजी म्हणत नाहीत, तो अपमान समजतात. फ्राऊ श्मिट म्हणायचं, श्रीमती श्मिट. रोज पाठ चोळून दिली तरी फ्राऊ श्मिटच. तिला हे अजिबात पटलं नाही. "नुसतं आडनाव घेऊन कुणाची पाठ कशी चोळायची मॅडम?" असं विचारून ती माझ्याकडं बघत राहिली. मी म्हटलं, परीक्षेपुरतं तरी म्हण.

मग मागण्याची रीत आली. जर्मन माणूस दुकानात पाव मागतो तो 'मला पाव द्या' असा मागत नाही. तो म्हणतो, इश हेटं गेर्न. म्हणजे साधारण, मिळालं असतं तर आवडलं असतं. हात पुढं करायचा पण रुमाल घालून. हे वाक्य तिला फार आवडलं. म्हणाली, आम्ही आयुष्यभर मनातल्या मनात हेच म्हणतो, फरक एवढाच की ते मोठ्यानं म्हणतात. मला वाटतं, व्याकरणावर त्या खोलीत कुणी बोललेलं ते सगळ्यात शहाणं वाक्य असेल.

पण तिचं सगळ्यात लाडकं वाक्य वेगळं होतं. पाहुण्यानं यजमानाला म्हणायचं वाक्य, माखन झी झिश कायनं उमश्टेंडं. म्हणजे, माझ्यापायी आपण त्रास घेऊ नका. एवढं अवघड वाक्य, पण तिच्या तोंडात एका दिवसात बसलं. बसणारच. जन्मापासून ती दुसरं काय बोलत आली होती? माहेरी भावाची पोरं जेवायची राहिली म्हणून हिला नको. सासरी दिवाळीला साडी घ्यायची म्हटलं की, आहे की मला, उगं कशाला. दवाखान्यात रजा देऊ का म्हणून विचारलं की, नको सर, बघते मी. गंमत अशी की तिला दुसऱ्यांदा विचारणारं माणूस भेटायचं फार क्वचित. रीत आपल्या जागी खानदानी असेल, पण ती चालायला समोरचाही खानदानी लागतो. हिच्या वाट्याला बहुतेक करून पहिलं नको ऐकून सुटलो म्हणणारीच माणसं आली होती.

म्हणून तो धडा शिकवताना मी मुद्दाम बजावलं होतं. बायांनो, तिकडं नको म्हणजे नको. एकदाच विचारतात. पुण्यात एका जर्मन साहेबाच्या घरी मी जेवायला गेले होते, त्यानं अजून वाढू का विचारलं, मी आपलं सवयीनं नको म्हटलं, आणि त्यानं माझ्यासमोरून ताट उचलून नेलं. घरी येऊन मी दहीभात खाल्ला. सगळ्या हसल्या. शिवकन्या सगळ्यात जास्त हसली, आणि म्हणाली, काय मेली बेकार रीत.

परीक्षा ती दुसऱ्या प्रयत्नात पास झाली. मग एका गावातल्या रुग्णालयाकडून मुलाखत ठरली. जर्मनीच्या दक्षिणेकडचं लहान गाव, म्हाताऱ्यांचा मोठा विभाग. मुलाखत माझ्या लॅपटॉपवर, माझ्याच क्लासच्या खोलीत झाली. कल्याणप्पांनी तेवढ्या वेळापुरता घाणा बंद ठेवला, हे त्या माणसाचे उपकार. शिवकन्या निळी साडी नेसून खुर्चीच्या टोकावर बसली. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी कोपऱ्यात.

पलीकडं फ्राऊ केलर म्हणून बाई होत्या. पांढरे बारीक कापलेले केस, शांत आवाज, सावकाश बोलणं. शिवकन्या इतकं सुंदर बोलली की मला भरून आलं. सगळीकडं झी, सगळीकडं बिटं, म्हणजे कृपया, एकही ओमा नाही. बाई खूश दिसत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्हाला मुलगी आहे असं अर्जात आहे. आमच्याकडं दोन खोल्यांचं एक घर रिकामं आहे, शाळेच्या जवळ. तुमच्यासाठी ते ठेवायला सांगू का?

यासाठी तर सगळं चाललं होतं. आणि शिवकन्यानं छातीवर हात ठेवला, गोड हसली, आणि एकही चूक न करता म्हणाली, नाही नाही, धन्यवाद, कृपा करून माझ्यापायी आपण त्रास घेऊ नका.

मी कोपऱ्यातून हात हलवले, मान हलवली, डोळे वटारले. ती माझ्याकडं बघेल तर शपथ. ती फ्राऊ केलरकडं बघत होती, प्रसन्न चेहऱ्यानं, दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत. फ्राऊ केलर म्हणाल्या, बरं, छान. काहीतरी टिपून घेतलं, आणि पुढच्या विषयावर गेल्या. शिवकन्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं. तिला वाटलं असावं, बाई निरोप घेताना परत विचारतील, जसं आपल्याकडं दारात चपला घालताना विचारतात. बाईंनी दिवस चांगला जावो म्हटलं आणि पडदा काळा झाला.

"नीट बोलले न्हवं मॅडम?" तिनं वळून विचारलं.

माझा संताप अनावर झाला होता, पण तो तिच्यावर काढावा असा तिचा चेहरा नव्हता. मी सांगितलं, तू घर नको म्हणालीस. ती म्हणाली, हो, म्हणजे एकदम कसं घ्यायचं, बाई काय म्हणल्या असत्या, टपूनच बसली होती म्हणून. आता परत विचारतील तेव्हा हो म्हणते. मी म्हटलं, परत नाही विचारणार. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग दहीभाताची गोष्ट तिला आठवली असावी, कारण ती एकदम खाली बसली, खुर्चीवर नाही, फरशीवर.

मी त्याच वेळी मेल लिहू म्हटलं. तिनं हात धरला. आज लगेच कसं? आत्ताच नाही म्हटलं आणि आत्ताच मागायचं? नोकरीच हातची जायची. थांबू, कदाचित पत्रात त्याच विचारतील. आणि मग आम्ही थांबलो, म्हणजे तिनं थांबवलं.

पत्र आलं. नोकरी पक्की, राहायला कर्मचाऱ्यांच्या इमारतीत एका माणसाची खोली, कुटुंबाचं पुढं सवडीनं, बाहेर स्वतःचं घर मिळाल्यावर. अभिनंदन, वगैरे. घरी पत्राचा अर्थ सांगितल्यावर रणधीर नुसता बघत राहिला. गडी वाईट नाही, पण बोलण्यात कमी. म्हणाला, जाऊन ये वर्षभर, पुढचं पुढं बघू. कमलबाईंनी निकाल लावून टाकला, "पोर ऱ्हाईल की माज्यापाशी. म्या काय मेले का?" गुडघ्यांमुळं ज्यांना ओसरीची पायरी उतरवत नव्हती, त्या दिवसभर आठ वर्षांच्या पोरीमागं धावणार होत्या. तुला जायचंय का, एकटीला जमेल का, असं मात्र कुणी विचारलं नाही. पास झालीय म्हणजे जाणार, हे धरूनच चाललेलं.

शेवटी माझ्या रेट्यानं तिनं फ्राऊ केलरना फोन लावला. मी समोर बसून होते, स्पीकर चालू. आधी तिनं माफी मागितली, मग वेळ घेतल्याबद्दल माफी मागितली, मग तब्येत विचारली. मी टेबलाखाली तिच्या पायाला पाय लावला. तेव्हा कुठं तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, इश हेटं गेर्न, माझी मुलगी माझ्याजवळ असती तर आवडलं असतं.

पलीकडून बाई गोंधळून म्हणाल्या, पण मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात.

शिवकन्या म्हणाली, आमच्याकडं आधी नाही म्हणतात.

"आणि हो कधी म्हणतात?"

"तिसऱ्यांदा विचारल्यावर."

मग बाई म्हणाल्या, मला हे माहीत नव्हतं, माहीत असतं तर मी विचारलं असतं. त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. पण घर दुसऱ्या देशातल्या एका नर्सला देऊन झालं होतं. तिलाही मूल होतं आणि तिनं लगेच हो म्हटलं होतं. पुढचं घर कधी रिकामं होईल सांगता येत नाही, वर्ष, दीड वर्ष. नोकरी तुमची आहे, महिनाअखेरपर्यंत कळवा. लाइडर, म्हणाल्या त्या. दुर्दैवानं. जर्मनमध्ये वाईट बातमी सांगताना हा शब्द आधी लावतात.

ती दोन दिवस क्लासला आली नाही. आली तेव्हा इतर मुली जाईपर्यंत गप्प बसली, आणि मग तिनं सांगितलं की तिनं आरोहीला विचारलं.

पोरीची वेणी घालताना विचारलं होतं. म्या जाऊ का गं? पोरगी म्हणाली, जा की मम्मी. शिवकन्याला बरं वाटलं. क्षणभरच. कारण आपल्याच पोटची पोर, आपल्याच घरात वाढलेली, तिचं पहिलं उत्तर काय असणार हे हिला कळत होतं. म्हणून वेणीचा दुसरा पेड घालताना परत विचारलं. पोरगी म्हणाली, जा, मी आज्जीपाशी ऱ्हाते, आज्जीला पाणी पण देते. मग रिबिनीची गाठ मारताना तिसऱ्यांदा विचारलं. पोरीनं मागं हात करून आईच्या साडीचा काठ धरला आणि म्हणाली, नगं जाऊ.

"म्या इचारायलाच नगं होतं मॅडम," शिवकन्या म्हणाली. "दोनदा इचारून गप बसले असते तर जाता आलं असतं."

मी म्हटलं, पोरं रडतात आणि चार दिवसांत विसरतात. मी म्हटलं, वर्ष काय, बघता बघता जाईल. मी हेही म्हटलं की कॅमेऱ्यावर रोज दिसशील. बोलता बोलता मलाच माझा कंटाळा आला. तिनं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, मेल लिहायची आहे, मदत करा.

आम्ही मेल लिहिली. अतिशय आदरणीय फ्राऊ केलर, अशी सुरुवात. लाइडर मला हे पद स्वीकारता येणार नाही. आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल मी मनापासून आभारी आहे. शेवटी, स्नेहपूर्ण नमस्कारांसह. काही वर्षांच्या मेहनतीनं तिला जी सभ्य भाषा आली होती ती सगळी त्या दहा ओळींत खर्ची पडली. तिनं स्वतः एक विभक्तीची चूक दुरुस्त केली. मी मनात म्हटलं, आता कशाला, आणि तरी तिला शाबास म्हणाले.

उत्तर येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. अशा मेलला तिकडून एका ओळीचं उत्तर येतं, कळवल्याबद्दल आभार, आपल्या भविष्यासाठी शुभेच्छा. त्या दिवशी शिवकन्या डबल पाळी करून आली होती, कारण दुसरी सिस्टर आली नव्हती. फरशीवर पाय टेकवून बसली होती. मी मेल उघडली आणि आधी मनातल्या मनात वाचली, मग तिला वाचून दाखवली.

फ्राऊ केलरनी लिहिलं होतं, तुमचा निर्णय मला समजतो आणि मी त्याचा आदर करते. पण तुम्ही मला फोनवर एक गोष्ट सांगितली होती, ती मी विसरलेले नाही. म्हणून क्षमा मागून विचारते. हा तुमचा पहिला नकार आहे की तिसरा? पहिला असेल तर मी घरासाठी पुन्हा प्रयत्न करीन, शब्द देऊ शकत नाही, आणि तुम्हाला कदाचित काही महिने एकटीनं काढावे लागतील. कृपा करून मला खरं कळवा.

शिवकन्यानं मला ते वाक्य परत वाचायला लावलं. मग स्वतः वाचलं, ओठ हलवत. आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुसायचं तिच्या ध्यानात आलं नाही. मी तिला परीक्षेत नापास झालेली बघितलेली आहे, तापानं फणफणलेली बघितलेली आहे, रडताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. घरच्यांनी नाही, दवाखान्यातल्यांनी नाही, माहेरच्यांनीही नाही, हजारो मैलांवरच्या त्या पांढऱ्या केसांच्या बाईनं तिला दुसऱ्यांदा विचारलं होतं. मला त्या बाईंचा आदर वाटला आणि आमच्या सगळ्यांचा, माझ्यासकट, राग आला.

"काय लिहू?" मी विचारलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं. "तिसरा म्हणून लिवा."

मी बोटं कळफलकावर ठेवली, पण दाबवेनात. तो तिसरा नव्हता. तिला अजून जायचं होतं. पायाची बोटं फरशीला चिकटवून बसलेल्या त्या बाईच्या अंगाअंगात ते दिसत होतं. काही महिने पोरीनं काढले असते, घर मिळालं असतं, निदान मिळण्याची शक्यता होती. मी खुर्ची तिच्याकडं वळवली. "शिवकन्या, खरं सांग. पहिला की तिसरा?"

तिनं माझ्याकडं बघितलं. इतकी दमलेली नजर मी कुणाची बघितली नाही.

"तिसरा," ती म्हणाली. मग माझा हात धरला, घट्ट, जसा ती सुई टोचताना पेशंटचा धरत असेल. "आन् मॅडम, पाया पडते, आता अजून एकदा इचारू नका."

मी विचारलं नाही. लिहिलं, तिसरा.